वादळवाऱ्यापासून घराचे संरक्षण : वऱ्हाडातील दारे, खिडक्या आणि छप्पर

वऱ्हाडात उन्हाळा आणि वादळवारा एकाच वेळी येतात. एप्रिल-मे महिन्यांत अकोला व अमरावती येथे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. तेव्हा घराघरांतून दारे सताड उघडी राहतात, खिडक्यांच्या झडपा भिंतीला टेकलेल्या असतात, कुलरसाठी एक खिडकी मोकळी केलेली असते आणि माणसे अंगणात किंवा गच्चीवर झोपतात. नेमक्या याच दिवसांत दुपार कलल्यावर आभाळ भरून येते, धुळीचा लोट उठतो आणि वावधान सुटते. पंधरा-वीस मिनिटांत सारे शांत होते. पण तेवढ्या वेळात कोणाच्या घरावरील टिने शेजारच्या शेतात जाऊन पडलेली असतात, तर कोणाच्या गोठ्याचे छप्पर जमीनदोस्त झालेले असते.

अशा घटनेनंतर पंचनामा होतो, मदत मिळते आणि बहुधा पूर्वीच्याच पद्धतीने टिने पुन्हा चढविली जातात. छप्पर कशामुळे उडाले, याचा विचार मात्र क्वचितच होतो. छप्पर उडण्याचे एक मोठे कारण छपरावर नसून खाली, उघड्या दारात व कमकुवत खिडकीत असते. हे कारण समजले, तर मर्यादित पैशांत घराचे संरक्षण कसे करावे आणि खर्च कोणत्या क्रमाने करावा, हे ठरविता येते. गावातील घरे, शाळा व सार्वजनिक शेड यांविषयी निर्णय घेणाऱ्या मंडळींसाठी या विषयाचा थोडक्यात परामर्श येथे घेतला आहे.

वऱ्हाडातील वादळाचे स्वरूप

किनारपट्टीवर येणारे चक्रीवादळ आणि वऱ्हाडातील वावधान यांत मूलभूत फरक आहे. अकोला शहर अरबी समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर आहे. समुद्रावर उठलेले चक्रीवादळ जमिनीवर आल्यावर झपाट्याने क्षीण होते. त्यामुळे ते पूर्ण जोरात येथवर पोहोचत नाही. येथील वादळ स्थानिक मेघगर्जनेतून जन्म घेते. तापलेल्या जमिनीवरून वर गेलेल्या हवेतून उंच ढग तयार होतात. त्यांतून पडणारा पाऊस खालच्या कोरड्या हवेत अंशतः वाफ होऊन जातो. त्यामुळे हवा थंड व जड होते, वेगाने खाली येते आणि जमिनीवर आपटून चोहोकडे पसरते. पावसाचे थेंब पडण्यापूर्वीच थंड झोत अंगावर येतो, तो हाच होय.

यातून तीन गोष्टी लक्षात घ्यावयाच्या आहेत. एक, किनाऱ्यावरील वादळाची सूचना दोन-तीन दिवस आधी मिळते; येथे मात्र ढग दिसल्यापासून वारा सुटेपर्यंत अनेकदा अर्धा-पाऊण तासच हाती असतो. दोन, वारा ढगापासून बाहेर पसरत असल्याने तो कोणत्या दिशेने येईल याचा भरवसा नसतो. म्हणून घराची केवळ पश्चिमेची बाजू मजबूत करून भागत नाही. तीन, वाऱ्याचा जोर अल्पकाळ टिकतो, परंतु तेवढ्यापुरता तो चक्रीवादळाच्या तोडीचा असू शकतो. हवामानशास्त्रानुसार समुद्रावरील वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ६२ किलोमीटरांवर गेला की त्या प्रणालीस चक्रीवादळ म्हणतात. भारतीय हवामान विभाग मेघगर्जनेसह येणाऱ्या ताशी ६२ ते ८७ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यास तीव्र प्रकारात गणतो. म्हणजे समुद्र दूर असला, तरी वाऱ्याचा वेग कमी असेल असे समजण्याचे कारण नाही.

इमारतींच्या आराखड्यासाठी ‘भारतीय मानक ८७५, भाग ३’ या संहितेत देशाचे वाऱ्याच्या वेगानुसार विभाग पाडलेले आहेत. २०१५ मध्ये ही संहिता सुधारण्यात आली. तिच्यातील मूळ वेग सेकंदाला ३३ मीटरपासून सुरू होतो. पुणे व नाशिकसाठी तो ३९ मीटर, तर नागपूरसाठी ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर आहे. मुंबईसाठीही ४४ मीटर हाच आकडा आहे. समुद्रकाठच्या मुंबईत व समुद्रापासून दूर असलेल्या नागपुरात अभियंत्याने सारखाच वेग गृहीत धरावयाचा, ही बाब विदर्भातील घर बांधणाऱ्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

वाऱ्याचा दाब किती असतो?

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब एका चौरस मीटरवर सुमारे १२ किलोग्रॅम वजनाइतका असतो. वेग ताशी ९० किलोमीटर झाला की तो सुमारे ३८ किलोग्रॅम होतो. १५८ किलोमीटर वेगाला हाच दाब ११८ किलोग्रॅमपर्यंत पोहोचतो.

याच्या तुलनेत छपराचे वजन पाहावे. वऱ्हाडातील जुनी घरे धाब्याची असत. सागाच्या मयाली, त्यांवर फळ्या व किलच्या आणि वर पांढऱ्या मातीचा थर, अशी त्यांची रचना होती. वीतभर जाडीच्या मातीचेच वजन चौरस मीटरला तीनशे किलोग्रॅमच्या घरात जाते. अशा घराला पावसाची व गळतीची चिंता असे, पण वाऱ्याने धाबे उडण्याचा प्रश्न नसे. लाकूड महागले, मातीकाम करणारे हात कमी झाले आणि धाब्याच्या जागी टीन आले. टिनाच्या पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे पाच किलोग्रॅम असते. छप्पर स्वस्त झाले, हलके झाले, गळायचे थांबले. परंतु पूर्वी जे काम मातीचे वजन करीत होते, ते आता हुकांनी व बांधणीने करावयास हवे, ही गोष्ट मागे राहिली.

उघड्या दाराचा परिणाम

वारा घरावर आदळतो तेव्हा समोरच्या भिंतीला ढकलतो आणि छपरावरून वेगाने जाताना छपराला वर ओढतो. कमी उताराच्या छपरावर ही ओढ सर्वसाधारणपणे वाऱ्याच्या दाबाच्या आठ दशांश धरता येते. कडेला व कोपऱ्यांवर ती याहून बरीच जास्त असते. ही झाली बाहेरची ओढ.

आता घराच्या आत काय घडते ते पाहू. सर्व दारे-खिडक्या बंद असल्यास आतील हवेचा दाब फारसा वाढत नाही. उपरोक्त संहितेत तो वाऱ्याच्या दाबाच्या दोन दशांश धरला आहे. परंतु वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे असेल किंवा खिडकी फुटली, तर हवा आत शिरते, तिला बाहेर पडण्यास वाट नसते आणि ती छपराला खालून ढकलते. भिंतीतील उघडा भाग मोठा असल्यास हा दाब सात दशांशांपर्यंत धरावा लागतो. बाहेरून ओढ आणि आतून रेटा, असे दुहेरी बळ छपरावर येते.

उदाहरणार्थ, तीस चौरस मीटर टिनाचे छप्पर असलेले साधे दोन खोल्यांचे घर घेऊ. वाऱ्याचा वेग ताशी ९० किलोमीटर आहे. दारे-खिडक्या बंद असल्यास छपरावर वरच्या दिशेने सुमारे साडेअकराशे किलोग्रॅमचे बळ येते. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे असल्यास तेच बळ सतराशे किलोग्रॅमच्या पुढे जाते. वारा तोच, घर तेच. केवळ दार उघडे राहिल्याने भार दीडपट झाला. या छपरातील टिनांचे वजन अवघे दीडशे किलोग्रॅम आहे.

दगडांचा भरवसा

टिने उडू नयेत म्हणून त्यांवर दगड, विटा किंवा जुनी टायरे ठेवण्याची रीत गावोगाव दिसते. वरील हिशेब तिलाही लावून पाहावा. दहा किलोंचे पंचवीस दगड ठेवले, तरी अडीचशे किलोंचा भार होतो. टिने, खालचे लाकूड आणि दगड मिळूनही साडेअकराशे किलोंची बरोबरी होत नाही. छप्पर उचलले गेले की हेच दगड घरात झोपलेल्या लहान मुलांवर व वृद्धांवर कोसळतात. वाऱ्याने उडालेले टीन काही वेळा घरापासून दूर जाऊन पडते. दगड मात्र घरातच पडतो. म्हणून छपरावर दगड ठेवणे हा संरक्षणाचा उपाय नसून नवा धोका आहे, असे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

याउलट तोच भार बांधणीवर सोपविल्यास तो आटोक्यात येतो. सतराशे किलोंची ओढ छपराला भिंतीशी जोडणाऱ्या बारा ठिकाणी वाटली, तर प्रत्येक जोडावर सरासरी दीडशे किलोंहून कमी भार येतो. भिंतीत खोलवर गाडलेल्या लोखंडी पट्टीला हा भार पेलणे अवघड नाही.

इतरत्र आलेले अनुभव

दारे-खिडक्यांचे महत्त्व जगाला मोठी किंमत देऊन कळले. २५ डिसेंबर १९७४ रोजी ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरावर ‘ट्रेसी’ नावाचे चक्रीवादळ आले. वेगमापक यंत्र निकामी होण्यापूर्वी त्याने ताशी २१७ किलोमीटर वेगाची नोंद केली होती. शहरातील निम्म्याहून अधिक घरे नष्ट झाली. नंतरच्या तपासणीत दोन कारणे ठळकपणे पुढे आली : उडत आलेल्या वस्तूंनी खिडक्या फुटून घरात वाढलेला दाब, आणि सततच्या हिसक्यांनी पत्रे खिळ्यांभोवती फाटणे. त्यानंतर तेथील घरबांधणीचे नियम बदलले.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण भागाला २४ ऑगस्ट १९९२ रोजी ‘अँड्र्यू’ या वादळाने तडाखा दिला. तेथील वादळांना ‘हरिकेन’ म्हणतात. त्या अनुभवानंतर मायामी परिसरात खिडक्यांच्या संरक्षक झडपांसाठी कठोर चाचणी लागू झाली. सुमारे चार किलो वजनाची लाकडी फळी ताशी ५५ किलोमीटर वेगाने झडपेवर मारली जाते. तिने झडप भेदली जाता कामा नये, अशी ही चाचणी आहे. वाऱ्यापेक्षा वाऱ्याबरोबर येणारी वस्तू खिडकीची मोठी शत्रू आहे, हे तत्त्व त्यामागे आहे.

आपल्या राज्यात ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरूड, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली, मंडणगड या भागांत पत्र्याच्या व कौलांच्या छपरांची मोठी हानी झाली. छप्पर हेच घराचे सर्वांत दुबळे अंग, याचा प्रत्यय कोकणानेही घेतला. वऱ्हाडातील वारा तितका वेळ टिकत नाही, पण घर मोडण्याची रीत सर्वत्र हीच आहे.

दारांची निवड आणि मजबुती

घरातील सर्वांत मोठे छिद्र म्हणजे दार. एक मीटर रुंद व दोन मीटर उंच दारावर ताशी ९० किलोमीटर वेगाचा वारा पाऊणशे किलोंच्या आसपास रेटा देतो. मधोमध एकच कडी असलेले दार अशा वेळी वर व खाली वाकते, कडीचे स्क्रू उपटून येतात आणि दार आपटून उघडते. यासाठी दाराला आतून वर व खाली एकेक खिटी असावी, स्क्रू आखूड नसून लाकडात खोलवर जाणारे असावेत आणि बिजागऱ्या दोनऐवजी तीन असाव्यात. चौकट भिंतीत नुसती उभी केलेली नसावी. तिला दोन्ही बाजूंना भिंतीत गाडलेल्या लोखंडी पट्ट्या असाव्यात. गवंडी त्यांना ‘होल्डफास्ट’ म्हणतात.

जुन्या वाड्यांत दाराच्या मागे आडवा अडसर असे. दिवसा तो भिंतीतील खोबणीत सरकवून ठेवीत आणि रात्री ओढून दार बंद करीत. चोरापासून रक्षण हा त्याचा मुख्य हेतू होता. परंतु वाऱ्याचा रेटा दाराच्या संपूर्ण रुंदीवर वाटून तो भिंतीवर नेण्यास याहून साधा व स्वस्त उपाय नाही. दोन लोखंडी कड्या भिंतीत बसवून त्यांत लाकडी अडसर किंवा लोखंडी पाइप घालता येतो. पातळ पत्र्याच्या व पोकळ प्लायवुडच्या दारांना तर तो अवश्य लावावा.

दुकाने व गोदामे यांना लोखंडी गुंडाळते शटर असते. ते भक्कम दिसते. परंतु रुंदी जास्त असेल तर वाऱ्याने मध्यभागी फुगते आणि त्याच्या कडा बाजूच्या खाचेतून निसटतात. रुंद शटरच्या मध्यभागी काढता-घालता येईल असा उभा लोखंडी खांब लावल्यास ही भीती बरीच कमी होते.

खिडक्यांची निवड

खिडकीसाठी पुढील पर्याय उपलब्ध आहेत. त्यांची तुलना केवळ किमतीवरून न करता अर्ध्या तासाच्या अवधीत कोणता उपाय प्रत्यक्ष कामी येईल, यावरून करावी.

पहिला पर्याय लाकडी झडपांचा. सागवानी किंवा तत्सम भरीव झडपा, वर-खाली खिट्या आणि मध्ये आडवी कडी असलेली खिडकी वारा, गारा व उडत आलेली वस्तू या तिन्हींपासून रक्षण करते. ती कायम जागेवर असते आणि घरातील कोणीही ती आतून अर्ध्या मिनिटात बंद करू शकते. वऱ्हाडातील परिस्थितीत हा पर्याय सर्वांत समाधानकारक होय. पावसाळ्यात लाकूड फुगून झडप अडकते, ही त्यातील उणीव. ती मे महिन्यापूर्वी रंधा मारून व तेलपाणी करून दूर करता येते.

दुसरा पर्याय लोखंडी पत्र्याच्या झडपांचा. त्या स्वस्त व टिकाऊ आहेत. मात्र पत्रा जाड असावा, त्याला चारही बाजूंनी व मध्ये कर्णरेषेत पट्टी जोडलेली असावी. उन्हाळ्यात त्या तापतात. म्हणून पश्चिमेकडे त्यांच्यावर छज्जा असल्यास बरे.

तिसरा पर्याय ॲल्युमिनियमच्या सरकत्या काचखिडक्यांचा. शहरांतील नव्या घरांत याच प्रामुख्याने दिसतात. साध्या काचेवर टिनाचा तुकडा किंवा झाडाची फांदी आदळली की ती फुटते, आणि जोरदार वाऱ्यात सरकते तावदान खाचेतून निखळू शकते. खिडकीच्या आतील गज चोराला अडवितात, वाऱ्याला नाही. अशा खिडक्यांवर बाहेरून झडप बसवावी, किंवा किमान रस्त्याकडील व मोकळ्या मैदानाकडील खिडक्यांसाठी मापाचे १२ ते १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड कापून, भोके पाडून, क्रमांक घालून ठेवावे. तथापि वावधानाच्या वेळी ते लावण्यास अवधी मिळतोच असे नाही. त्यामुळे प्लायवुडचा उपाय दीर्घ सूचना मिळणाऱ्या किनाऱ्यावर अधिक उपयोगी आहे.

काचेवर चिकटपट्टीची फुली मारण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. तिच्यामुळे काचेचे बळ वाढत नाही. उलट फुटल्यावर मोठे धारदार तुकडे एकत्र पडण्याची शक्यता राहते. त्यात वेळ दवडू नये.

‘वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची एक खिडकी उघडी ठेवावी, म्हणजे हवा निघून जाते’ असाही एक समज आहे. वावधानात वारा क्षणात फिरतो आणि उघडी ठेवलेली खिडकीच वाऱ्याच्या तोंडी येते. तेव्हा सर्व बाजूंच्या दारे-खिडक्या बंद करणे हाच सुरक्षित नियम समजावा.

कुलरची खिडकी हा वऱ्हाडातील खास प्रश्न आहे. एप्रिल ते जून या काळात बहुतेक घरांत एका खिडकीच्या झडपा काढून तेथे कुलर लावतात आणि भोवतालची फट पुठ्ठा किंवा थर्माकोलने बुजवितात. वादळाच्या नेमक्या हंगामात घराची एक बाजू अशी उघडी पडते. बाहेर लोखंडी घोडीवर ठेवलेला कुलर वाऱ्याने कोसळला, तर संपूर्ण खिडकी मोकळी होते. यासाठी कुलरची घोडी भिंतीला पट्टीने जोडावी, फट लाकडी फळीने स्क्रू मारून बंद करावी आणि कुलर ठेवलेल्या खोलीचे आतील दार वादळाच्या वेळी बंद करता येईल असे असावे. म्हणजे वारा शिरला तरी तो एका खोलीत अडतो. वादळाची चाहूल लागताच कुलरचा वीजपुरवठा बंद करण्यास विसरू नये.

छपराची बांधणी

दारे-खिडक्या बंद झाल्यावर उरलेला भार छपराने सोसावयाचा असतो. टीन केवळ खिळ्याने ठोकलेले नसावे; सरळ ओढीने खिळा उपटून येतो. खालच्या लाकडाला किंवा पाइपाला वेढा घालणारा जे आकाराचा हुक, त्यावर रुंद वायसर आणि नट वापरावा. हुक पत्र्याच्या नळीच्या उंच भागावर असावा. वळचणीकडे, आढ्याजवळ व दोन्ही टोकांना ओढ अधिक असल्याने तेथे हुकांची संख्या मधल्या भागाच्या दुप्पट ठेवावी.

परंतु टीन लाकडाला घट्ट आणि लाकूड भिंतीवर नुसते ठेवलेले, अशी स्थिती असेल तर सगळा सांगाडाच उचलला जातो. म्हणून साखळीची प्रत्येक कडी पाहावी : टीन आडव्या लाकडाशी, आडवे लाकूड वाशाशी, वासा भिंतीशी. वाशावरून घेतलेली लोखंडी पट्टी भिंतीत निदान दोन-तीन फूट खाली नेऊन पक्की करावी किंवा भिंतीवरील काँक्रीटच्या पट्ट्यात गाडावी. वळचण भिंतीबाहेर दीड फुटाहून जास्त काढू नये. ओसरीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे बांधावे; खुली ओसरी उडाली तरी मुख्य घर वाचते. घर नव्याने बांधताना छपराला २२ ते ३० अंशांचा उतार दिल्यास वाऱ्याची ओढ सपाट छपरापेक्षा कमी होते.

मेळघाटातील कवेलूच्या घरांचा प्रश्न थोडा निराळा आहे. कवेलू सुटे असल्याने वाऱ्याने थोडे सरकतात, मधल्या फटींतून हवा निघून जाते आणि सबंध छप्पर सहसा एकदम उडत नाही. तेथे आढ्यावरचे व कडेचे कवेलू चुन्याच्या किंवा सिमेंटच्या गिलाव्यात बसविणे आणि खालचा बांबूचा सांगाडा खांबांना बांधून घेणे, हे दोन उपाय पुरेसे ठरतात. डोंगरमाथ्यावर व खिंडीत वाऱ्याचा वेग वाढतो. त्यामुळे चिखलदऱ्याच्या पठारासारख्या ठिकाणी टिनाचे छप्पर घालताना विशेष काळजी घ्यावी.

झाड आणि शेड

घर सुरक्षित असूनही माणसे वादळात बाहेर सापडतात आणि जवळच्या शेडचा आश्रय घेतात. अकोला जिल्ह्यातील बाळापूर तालुक्यात पारस हे औष्णिक वीज केंद्रामुळे परिचित असलेले गाव आहे. तेथील बाबूजी महाराज मंदिराच्या परिसरात ९ एप्रिल २०२३ च्या सायंकाळी भाविक जमले होते. वादळी पाऊस सुरू झाल्याने ते टिनाच्या शेडखाली थांबले. जवळचा जुना कडुनिंब वाऱ्याने उन्मळून शेडवर कोसळला. सात जण मृत्युमुखी पडले आणि अनेक जखमी झाले.

या दुर्घटनेपासून प्रत्येक गावाने धडा घ्यावयास हवा. देवळाचा सभामंडप, आठवडी बाजारातील ओटे, बसथांबा, लग्नाचा मांडव आणि शाळेचा व्हरांडा ही माणसे एकत्र जमण्याची ठिकाणे आहेत. टिनाची खुली शेड वाऱ्यापासून संरक्षण देत नाही. ती केवळ उन्हापासून व साध्या पावसापासून आडोसा देते. तिच्यावर झुकलेले मोठे झाड असल्यास तर ती धोक्याची जागा ठरते. याचा अर्थ झाडे सरसकट तोडावीत असा नाही. वऱ्हाडच्या उन्हात कडुनिंबाची सावली मोलाची आहे. झाडाच्या बुंध्यात पोकळी आहे काय, मुळांजवळ खोदकाम झाले आहे काय, एका बाजूच्या फांद्या अतिभारित आहेत काय, हे मार्चअखेर पाहावे. आवश्यक तेथे रीतसर परवानगीने फांद्या छाटाव्यात आणि नवी शेड झाडाच्या उंचीइतक्या अंतराबाहेर उभारावी.

खर्चाचा क्रम

ज्या कुटुंबाजवळ पैसा थोडा आहे, त्याने पुढील क्रम धरावा. प्रथम, ज्याला पैसे लागत नाहीत ते काम : छपरावरील दगड उतरविणे, अंगणातील सुटी टिने, फळ्या व भांडी आत घेणे, आणि वादळाची चाहूल लागताच दारे-खिडक्या बंद करण्याची सवय घरातील सर्वांना लावणे. दुसरे, शे-दोनशे रुपयांची कामे : दारांना अडसर, खिडक्यांना खिट्या, लांब स्क्रू. तिसरे, छपराच्या कडांचे हुक वाढविणे. चौथे, वासे भिंतीला पट्टीने जोडणे. काचखिडक्यांवर झडपा बसविण्याचे काम यानंतर हाती घ्यावे. अनेक जण नवे, जाड टीन विकत घेण्यापासून सुरुवात करतात. पण जुन्याच बांधणीवर चढविलेले नवे टीन पुढच्या वादळात जुन्यासारखेच उडू शकते.

घरकुलाच्या लाभार्थ्यांनी याकडे अधिक लक्ष द्यावे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण योजनेत घराचे किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर ठरविण्यात आले. एवढ्या लहान घराला हुक, पट्ट्या व अडसर यांसाठी लागणारा खर्च एकूण बांधकामाच्या मानाने अल्प असतो; भिंती चढत असतानाच पट्ट्या गाडल्या तर तो आणखी कमी होतो. उलट नुकसान झाल्यावर मिळणारी मदत मर्यादित असते. २०२२ ते २०२६ या कालावधीसाठीच्या केंद्रीय निकषांत किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घरासाठी ६,५०० रुपये व कच्च्या घरासाठी ४,००० रुपये मदत ठरली होती. एवढ्यात धान्य, कपडे व मुलांची पुस्तके भिजल्याची भरपाई होत नाही.

पंचायत आणि शाळा यांचे कर्तव्य

ग्रामपंचायतीने दरवर्षी मार्च महिन्यात गावातील सार्वजनिक इमारती, शेड व झाडे यांची पाहणी करून तिची नोंद ठेवावी. गावातील सुतार, लोहार व गवंडी यांना एकत्र बसवून हुक, पट्टी व अडसर यांचा एक नमुना एखाद्या घरावर प्रत्यक्ष करून दाखविल्यास लोकांचा विश्वास बसतो. विधवा, वृद्ध व अपंग व्यक्तींच्या घरांवरील दगड उतरवून तेथे हुक बसविण्याचे काम गावातील तरुण मंडळांना एका दिवसात करता येईल.

विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर जूनच्या अखेरीस उघडतात. वादळाचा मुख्य काळ शाळा बंद असताना जातो. त्यामुळे सुट्टी लागताना सर्व खिडक्या खिटी लावून बंद करणे आणि शाळा उघडण्यापूर्वी टिनांचे हुक व व्हरांड्याचे खांब तपासणे, ही दोन कामे मुख्याध्यापकांनी नेमाने करावीत. छपराच्या वाढत्या भाराचे वर दिलेले गणित वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून त्यांच्या स्वतःच्या घरासाठी करवून घेता येईल. घराचे छप्पर मोजून आलेला आकडा मुलाने घरी सांगितला, तर तो कोणत्याही फलकापेक्षा अधिक परिणाम करील.

हवामान विभागाच्या नागपूर येथील प्रादेशिक केंद्राकडून विदर्भासाठी पिवळा, नारिंगी व लाल अशा रंगांत इशारे दिले जातात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे ॲप विजेच्या धोक्याची सूचना देते. ज्या गावी देवळावर किंवा ग्रामपंचायतीवर ध्वनिक्षेपक आहे, तेथे असा इशारा मिळताच ‘दारे-खिडक्या लावा, शेडखाली व झाडाखाली थांबू नका’ एवढी घोषणा करण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे नेमून द्यावी. वादळाच्या वेळी पक्क्या घरात, खिडक्यांपासून दूर, शक्य तो आतल्या लहान खोलीत बसावे. टीन धरून ठेवण्यासाठी कोणीही छपरावर चढू नये. ताशी ९० किलोमीटरच्या वाऱ्यात एका माणसाचे बळ छपरावर पडणाऱ्या ओढीपुढे नगण्य आहे आणि विजेचा धोका त्याहून मोठा आहे.

वऱ्हाडचा उन्हाळा दारे उघडी ठेवायला लावतो, आणि त्याच उन्हाळ्यातून निघालेला वारा त्या उघड्या दारांतून आत येतो. उष्णतेवर किंवा वाऱ्यावर माणसाची सत्ता नाही. पण दाराचा अडसर, खिडकीची खिटी आणि टिनाचा हुक या तीन गोष्टी प्रत्येक घराच्या आवाक्यातील आहेत. त्या रोहिणी नक्षत्र लागण्याची वाट न पाहता होळीनंतर लगेच तपासल्या जाव्यात. गावाच्या वार्षिक कामांत या पाहणीला स्थान मिळाले, तर पंचनाम्यांची संख्या तर घटेलच, शिवाय भर वादळातही घरात झोपलेल्या लेकरांना डोक्यावरच्या छपराचा भरवसा राहील.